वाघमुखी दुकानातला समुद्र

लातूरच्या गोलाईकडून फुटणाऱ्या दोन रस्त्यांच्या बेचक्यात मोहियोद्दीन घड्याळजीचं दुकान होतं. तोंडाशी रुंद, मागं निमुळतं होत गेलेलं. अशा जागेला वाघमुखी म्हणतात आणि लोक ती घ्यायला कचरतात. पण लातूर जिल्हा झाला त्या साली मोहियोद्दीननं ती हौसेनं घेतली. आता कचेऱ्या येणार, साहेब लोक येणार, आणि साहेबाच्या मनगटाला घड्याळ लागणारच, असं त्याला वाटलं. ते खरंही ठरलं. पुढं मोबाइल आले, गिऱ्हाईक रोडावलं, आणि एका सकाळी चिमट्यात स्क्रू धरलेला असतानाच त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

मुलगा जिलानी तेव्हा जेद्दाला होता. शेठ लोकांच्या घरी काचेच्या पेटीत समुद्र उभा करायचा, हे त्याचं काम. खारं पाणी, त्यात जिवंत प्रवाळ, प्रवाळांतून फिरणारे मासे. बाप पडला म्हणून तो रजेवर आला आणि अडकला तो अडकलाच. बापाला उचलायला, बसवायला, संडासला न्यायला गडीमाणूसच लागे. रजा सरली, व्हिसाही सरला. बापाला घरी ठेवून पाहिलं, तर तो दाराकडं बघत रडायचा. म्हणून रोज त्याला ऑटोत घालून दुकानात आणायचं, खुर्चीत टेकवायचं, आणि लोकांच्या घड्याळांत सेल घालत बसायचं. म्हाताऱ्याची वाचा गेली होती. उरलेल्या दोन-चार शब्दांत 'नक्को' तेवढा स्वच्छ होता.

दिवाळीच्या सुमाराला जिलानीची नजर दुकानाच्या मागच्या टोकावर खिळली. तिथं कपाट बसत नव्हतं, स्टूल मावत नव्हतं. त्यानं पुठ्ठ्याचा साचा कापला, फ्रेमवाल्याकडून काचा आणल्या आणि त्या कोपऱ्यात तंतोतंत बसेल अशी तिकोनी टाकी जोडायला घेतली. दोन्ही भिंतींचा कल वेगळा, त्यामुळं काचेची एकही कड दुसरीशी सरळ जुळेना. पहिल्यांदा पाणी भरलं तर सांधा पाझरला. सगळं खरवडून त्यानं पुन्हा चिकटवलं. टोकाच्या चिंचोळ्या जागेत पाणी साचून कुजेल म्हणून तिथंच एक छोटा पंप दडवला. टाकी चार घागरींची, पण काम जेद्दासारखंच चोख.

मीठ आणि दगड हैदराबादहून आले. तिथं मलप्पाचं माशांचं दुकान होतं. मलप्पा मूळचा उदगीरचा, जेद्दात जिलानीच्याच खोलीत राहिलेला. नुसते दगड आणि पाणी कितीतरी आठवडे तसंच मुरू दिलं. मग मलप्पानं आपल्या टाकीतल्या मऊ प्रवाळांची कलमं दिली आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे.

कलमं उमलली त्या दिवशी जिलानीनं बापाची खुर्ची टाकीसमोर ओढली. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग डाव्या हातानं चाचपडत त्यानं घड्याळाचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि काचेशी वाकला. प्रवाळाची मोहरीएवढी तोंडं एकेक करून उघडत होती, मिटत होती. जिलानीला बापाच्या श्वासाचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग उन्हाळा लागला. त्या साली लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं. नळ कोरडे पडले, बोअर आटले, टँकर येईल त्या दिशेनं बाया घागरी घेऊन धावू लागल्या. जिलानीची बायको बानोही त्यांतच. आणि इकडं टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरे. मीठ मागं राही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. बोअरचं जड पाणी प्रवाळाला सोसत नसे. पाणी तापू नये म्हणून पंखा लावावा, तर ते अजून वेगानं उडे. पंखा बंद करावा, तर मासे वर येऊन तोंड वासत. जिलानीनं आंघोळ सोडली, पिण्याचं निम्मं केलं. तरी पुरेना.

"आजचा तांब्या बी तिकडंच गेला का?" एकदा बानोनं विचारलं. आवाज चढवला नाही. तिच्या खांद्याला घागरीचा काळानिळा वळ पडला होता.

शेजारी शिवकांताबाईंचं बांगड्यांचं दुकान. त्यांच्या कानावर आलं, घड्याळजीच्या पोरानं मागं हौद भरून ठेवलाय. त्या दोन बायांना घेऊन तडक आत आल्या.

"जिलानी, लेकरं पाण्यापायी रडायलीत, अन् तू हितं पाणी कोंडून बसलाव?"

"मावशी, बोट बुडवून चाखा."

शिवकांताबाईंनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग त्यांना मासे दिसले. त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"हे दगड हायेत का जनावर?"

"जनावर हाय, मावशी. जागेवरून हलत न्हाई, इतकंच."

"अन् पाणी न्हाई घातलं तर?"

"मरतं."

त्या बायांना घेऊन निघून गेल्या. जिलानीनं त्याच आठवड्यात ठरवलं. बापाला रोजच्या ऑटोवाल्याच्या भरवशावर ठेवून, मासे आणि प्रवाळ पिशव्यांत भरून, थर्माकोलच्या पेटीत घालून तो हैदराबादच्या गाडीत बसला. मलप्पानं सगळं आपल्या टाकीत सोडलं, मग चहा मागवला.

"तू बी हितंच ऱ्हा की," तो म्हणाला. "मला कारागीर पाहिजेच हाय. खोली देतो. बाप, बानो, समद्यांना घेऊन ये."

परतीच्या वाटेवर जिलानीला कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच गाढ झोप लागली. घरी येताच तो बापासमोर बसला.

"अब्बा, हैदराबादकू जाते क्या? सब मिलके?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. उशाजवळची दुकानाची चावी डाव्या हातानं ओढली आणि आपल्या कुडत्याच्या खिशात घातली.

"नक्को," तो म्हणाला.

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बानोनं टाकीतलं मीठ घासून काढलं आणि टँकरचं पाणी तिच्यात साठवायला सुरुवात केली. वर फळी टाकली. मलप्पाचा फोन येई, जिलानी 'बघू' म्हणे. पुढं फोन येईनासा झाला.

एका दुपारी शिवकांताबाई घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या.

"त्या हैदराबादच्या कामाचं काय झालं रे?"

"जाईन की मावशी," पट्ट्याची पिन बसवत जिलानी सहज बोलला. "अब्बा हायेत तोवर हितंच."

बोलून गेला आणि 'तोवर' म्हणजे काय, ते त्याच्या ध्यानात आलं. पिन बोटांतून निसटली. शिवकांताबाई पदर सावरत बाहेर बघू लागल्या. जिलानीनं मान वळवली. बाप त्याच्याकडंच बघत होता. डोळ्यांत राग नव्हता, पाणीही नव्हतं.

थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं डावा हात पुढं केला. संडासला जायची वेळ झाली होती. जिलानी उठला, त्यानं बापाच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं.