सोलापूर ते सांगोला: सायकल, बेंच प्रेस आणि माझे पन्नास किलो

"मॅडम, दोन डगरींवर हात ठेवलात तर मधेच पडाल," असं आमच्या जिमचे सर मला वर्षभर ऐकवतायत. एक डगर म्हणजे बेंच प्रेस, बाकड्यावर उताणं पडून छातीवरून वजनाचा रॉड उचलायचा; दुसरी म्हणजे लांब पल्ल्याची सायकल. मी एकोणचाळीस वर्षांची, भवानी पेठेत नवऱ्याबरोबर टॉवेलचं होलसेल दुकान सांभाळणारी बाई. मला कुणी "जमणार नाही" म्हटलं की माझं डोकंच फिरतं. पुढच्या रविवारी जिमच्या वर्धापनदिनाला बायकांची बेंच प्रेसची स्पर्धा होती आणि मी पन्नास किलो उचलणार, हे मीच अख्ख्या पेठेत सांगून बसले होते. दूधवाल्यालासुद्धा. म्हणून ठरवलं, त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी सायकलवर सांगोल्याला जाऊन यायचं आणि बेंचचा सरावही चुकवायचा नाही. सांगोल्यात माझी मावशी राहते. तिच्या शेजारच्या बापूंनी मेंढरांच्या वाड्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये जिम काढलीय, त्यामुळे सोय होती.

सोबतीला शैला, माझी नणंद. ती सायकल चालवत नाही. ती स्कूटीवर मागून येणार, पाणी, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पंक्चरचं सामान घेऊन. जिममध्येही मी बेंच मारते तेव्हा डोक्याशी उभी तीच असते. रॉड अडकलाच तर धरायला कुणीतरी लागतं. सहा महिने तिने एकही दिवस चुकवला नाही, आणि तिच्यामुळेच मी चाळीसवरून पन्नासवर गेले असं मी सगळ्यांना सांगायचे.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. थंडी होती, स्वेटर मंद्रूपपर्यंत निघाला नाही. सरळ मंगळवेढ्याच्या रस्त्याने न जाता मी मुद्दाम विजापूर रस्त्याने मंद्रूपचा वळसा घेतला, कारण मला जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर भरवायचे होते. हा रस्ता झकास आहे. कडेला सायकलपुरती मोकळी पट्टी मिळते, फक्त उसाच्या ट्रॉल्या आल्या की मुकाट्याने खाली उतरायचं, तिथे शहाणपणा दाखवायचा नाही. मंद्रूपला चहा दहा रुपये, चुरमुऱ्याच्या सुशीलाची प्लेट तीस. हॉटेलातल्या बाकावर दोन म्हातारे आमच्याकडे बघत होते.

"एक बाई स्कूटीवर, एक सायकलवर. भांडण झालंय काय?" एकाने विचारलं.

"न्हाय रं, डॉक्टरनं सांगितलं असंल," दुसरा म्हणाला.

शैलाने त्यांना माझ्या पन्नास किलोंची सगळी कथा सांगितली. म्हातारबुवांनी माझ्या दंडाकडे बघितलं आणि माझ्या चहाचे पैसे घ्यायचे नाहीत असं हॉटेलवाल्याला बजावलं. माझी मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

मंद्रूपहून कामतीकडे वळलं की वारा समोरून येतो. जायचं असेल त्यांनी हा टप्पा नऊच्या आत संपवावा. माझा अकराला संपला. शिवाय हँडल धरून दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर झाल्या. हे मला नेहमीच होतं. शैला गाडी बाजूला घेऊन ओरडायची, "वहिनी, हात झटका की!" आणि मी झटकत राहायचे. बेगमपूरच्या पुलावरून भीमा ओलांडली, पुढे काळ्या रानात ज्वारी डुलत होती. मंगळवेढ्यात भाकरी-पिठलं-ठेचा, शंभर रुपयात पोटभर. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. सांगोल्याच्या अलीकडे रस्त्यावर मेंढरं आडवी आली आणि पंधरा मिनिटं खोळंबा झाला. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा लागल्या. साडेचारला मावशीच्या दारात सायकल टेकवली तेव्हा मीटरवर एकशे सोळा किलोमीटर होते. मावशी म्हणाली, "एस.टी. बंद हाईत काय?" आणि गुळाचा चहा ठेवायला आत गेली.

बापू साठीचे, जुने पैलवान, कान मोडलेले. त्यांच्या जिममध्ये आरसा नाही, गाणी नाहीत, पलीकडून मेंढरांचा आवाज येतो. मी अंग गरम केलं, तीस, चाळीस आणि मग पन्नास लावायला सांगितले. शैला डोक्याशी उभी राहिली. रॉड छातीवर आला, तिथून उसळला आणि शैला नेहमीसारखी म्हणाली, "तुमचंच आहे वहिनी, तुमचंच, तुमचंच." रॉड वर गेला. मी उठून बापूंकडे बघितलं.

"लई ग्वाड उचाललं," बापू म्हणाले. "पर किती जणींनी?"

मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी बेंचच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाचे क्रेट रचले, माझ्या छातीपेक्षा बोटभर खाली येतील असे. मग शैलाला म्हणाले, "पोरी, तू जरा मागं सर. रॉड पडला तर क्रेट धरतील. कुस्तीत तिसऱ्याचा हात लागला तर ती कुस्ती न्हाय."

पुन्हा पन्नास. रॉड छातीवर आला आणि तिथेच राहिला. मी पाय झाडले, कंबर उचलली, तोंडातून नको ते आवाज काढले. शेवटी पाठ सपाट केली आणि रॉड क्रेटवर टेकला. मला अशी लाज वाटली की उठवेना. दिवसभर सायकल चालवली होती, हे कारण माझ्या जिभेवर होतं. पण दहा मिनिटांपूर्वी तेच पन्नास वर गेले होते, तेव्हा ते कारण कुठे होतं?

"शैला, तू हात लावायचीस?"

ती रडवेली झाली. "दोनच बोटं, वहिनी. रॉड अडकला की तुमचा चेहरा असा व्हायचा... आणि वर गेला की तुम्ही इतक्या खूश व्हायच्या. मला वाटलं थोड्या दिवसांनी लागणार नाहीत."

खरं सांगते, मला तिचा राग आला. तिच्यापेक्षा जास्त माझा स्वतःचा, कारण मला कुठेतरी ठाऊक होतं. रॉड मधेच हलका होतो हे हाताला कळत नाही असं थोडंच आहे? मी विचारलं नव्हतं एवढंच.

रविवारी सकाळी बापूंनी मला तासभर शिकवलं. फी विचारली तर आमच्याबरोबर आलेल्या मावशीकडे बघून हसले. आधी माझे हात बघितले. रॉड मी बोटांच्या मुळाशी धरत होते, त्यामुळे मनगट मागे मोडत होतं. "हितं घे," म्हणत त्यांनी तळव्याची टाच दाबली, जिथे आपण भाकरी थापताना जोर देतो. मनगट सरळ, त्याखाली कोपर. खांद्याची पाती मागे ओढून बेंचला चिकटवायची, पाय जमिनीत रोवायचे. रॉड छातीच्या खालच्या भागाला टेकला की उसळवायचा नाही, एक श्वासभर थांबवायचा. "थांबला की तुजा. उसळला की उसळीचा," बापू म्हणाले. पस्तीस थांबवले, चाळीस थांबवले. मग पंचेचाळीस लावले. आदल्या दिवशीचे एकशे सोळा किलोमीटर पायात होते, शैला भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती आणि पंचेचाळीस थांबून, सावकाश, थरथरत वर गेले. मला वाटलं आता मेंढरंसुद्धा टाळ्या वाजवतील.

परतीचा रस्ता सरळ, पंच्याऐंशी किलोमीटर. मी हँडलही तसंच धरलं, तळव्याच्या टाचेवर, मनगट न मोडता, पाती मागे ओढून. मंगळवेढ्यापर्यंत करंगळ्या शाबूत. सरांच्या दोन डगरी मला एकाच नदीच्या वाटायला लागल्या. पण शैलाशी मी अजून धड बोलले नव्हते.

बेगमपूरला चहाला थांबलो तेव्हा तिनेच विषय काढला. "वहिनी, स्पर्धेत मागे उभं राहायला आपलंच माणूस चालतंय. मी विचारून ठेवलंय. दोन बोटं कुणाला दिसत नाहीत. तुम्ही पन्नास म्हणून सांगितलंय सगळ्यांना, हसं होईल की."

माझा चहा तसाच गार झाला. मोह झाला नाही असं लिहिलं तर हा ब्लॉग बंद करा. पेठेतली सगळी तोंडं डोळ्यांपुढून गेली. मग म्हणाले, "शैला, तूच उभी राहा. पण हात पाठीमागे बांधून. मी 'धर' म्हटलं तरच धरायचं."

"आणि नाही गेलं तर?"

"तर नाही गेलं."

तिने माझा गार चहा स्वतःच पिऊन टाकला आणि दुसरा सांगितला. तिथून सोलापूरपर्यंत ती मागे न राहता माझ्या शेजारून चालली, आणि आम्ही भाच्याच्या लग्नातल्या भांडणांपासून सगळं बोललो. घरी पोचलो तेव्हा मीटर दोनशे एकवर होता. दोघींचा खर्च पेट्रोल धरून आठशेच्या आत.

पुढच्या रविवारी जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाई पहिल्या रांगेत, इरकली नेसून. सरांनी माईकवर विचारलं, "मॅडम, सुरुवात किती?" मी म्हणाले, पंचेचाळीस. मागे कुजबुज झाली. पंचेचाळीस थांबून गेले. मग साडेसत्तेचाळीस. रॉड मध्यावर अडकला, मला वर शैलाचा चेहरा दिसत होता, तिचे ओठ घट्ट मिटलेले, हात पाठीमागे. तिला किती जड गेलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. मी पाय रोवले आणि तो गेला. पन्नास काही गेले नाहीत. मी "धर" म्हणाले आणि तिने धरला.

माझा दुसरा नंबर आला. पहिली आली ती कॉलेजातली पोरगी, तिचं कौतुक. आकडे आमच्या सासूबाई अजून कन्नडमध्येच मोजतात. घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "ऐवत्तु म्हणालेलीस की गं. पन्नास कुठं गेले?"

शैला रिक्षाबाहेर बघायला लागली. मी तिचा हात मांडीवर ओढून घेतला.

"पन्नास आम्हा दोघींचे होते, अत्ती," मी म्हणाले. "आज जे गेले ते माझे."