हिरासिंगनं मांडलेला कान

वणीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हिरासिंग राठोड परिचर होता. मारेगावकडच्या तांड्यातला, दहावी शिकलेला. बाटल्या धुणं, बेडूक आणून ठेवणं हे त्याचं काम. पण त्याचा जीव रमायचा हाडांत.

दोन हजार पाच साल. लागोपाठ दुसऱ्या वर्षी कपाशी हातची गेली, बरीच मुलं कॉलेज सोडून गेली, फीचे पैसे आटले आणि कानाच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींची मागणी ऑफिसातून नामंजूर होऊन परत आली. शिकवणाऱ्या शुभदा मॅडम तो कागद हातात धरून बसल्या होत्या.

"कायले पायजे प्लास्टर?" हिरासिंग म्हणाला. "मी खरा कान मांडतो."

त्यानं बाजारातून मरळ मासा आणला, कोंबडीचं कोवळं पिल्लू, बकरीचं मुंडकं. बेडूक होताच. हाडांवरचं मांस सुटावं म्हणून डोकी सोड्याच्या पाण्यात शिजवली. बकरीच्या कानातलं सगळ्यात छोटं हाड, घोड्याच्या रिकिबीसारखं, तांदळाच्या दाण्याहून लहान. पहिल्यांदा ते मोरीत वाहून गेलं. दुसऱ्या मुंडक्याच्या वेळी त्यानं पाणी मलमलीतून गाळलं.

काळ्या पुठ्ठ्यावर हाडं लावताना तो थांबला.

"मॅडम, बेडकाच्या कानात एक हाड, पिल्लाच्याही एकच. बकरीले तीन. अन् पिल्लाच्या जबड्याच्या सांध्यात हे दोन हायेत, ते बकरीच्या जबड्यात काहून नाही? गेले कुठं?"

मॅडम उठून जवळ आल्या. "गेली नाहीत, हिरासिंगभाऊ. आपल्या फार जुन्या पूर्वजांत तीही जबड्यातच होती. लाखो पिढ्यांत बारीक होत होत कानात सरकली. बकरीच्या कानातली हातोडी आणि ऐरण ही दोन हाडं म्हणजे तीच."

"म्हंजे जे चावत होतं, ते आता ऐकून राह्यलं!" तो मोठ्यानं हसला. मॅडमही हसल्या. पंधरा वर्षं हे शिकवत होत्या, पण असं कुणी विचारलं नव्हतं.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. पुठ्ठ्यावरचा हाडांचा संच पाहून त्यांनी माशाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "याला कुठे कान? काढून टाका."

मॅडम बोलणार, तेवढ्यात हिरासिंग पुढे झाला. "थांबा सायब." त्यानं जपून ठेवलेलं दुसरं मरळीचं डोकं उघडलं आणि चिमट्यानं आतल्या कानातले दोन पांढरे खडे तळहातावर घेतले. "आवाज आला की हे हालतात, मासोळीले कळते. आतला कान पयलेपासून हाय. बाहेरचं सारं मागून आलं."

परीक्षकांनी भिंग मागितलं. बराच वेळ पाहिलं. "माझं चुकलं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी प्रत्येक मुलाला त्याच संचावर प्रश्न विचारले. निघताना म्हणाले, "आमच्या कॉलेजला एक करून द्याल?"

"तुमच्या परिचराले पाठवा. शिकवतो."

संच काचेच्या कपाटात लागला. मॅडमनी चिठ्ठी लिहिली: तयार करणारे, हिरासिंग राठोड.

त्यानं ती दोनदा वाचली. "तांड्याचं नाव बी लिहा ना, मॅडम. तिथली पोरं येतात इथं."

त्यांनी पेन पुन्हा उघडलं.