माझ्या खिचडीमुळे वाढलेले उपवास

पातेल्याच्या तळाला खरवड धरते ना, तसे किस्से धरतात बायांनो. रोज घासा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेतच! गोडादऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी पोरांचं दुपारचं जेवण रांधते. सगळे मला मावशी म्हणतात. तोंडावर मावशी. पाठीमागे काय म्हणतात तेच सांगायला बसले आहे. हसा खुशाल, पण माझ्याकडे बघून हसू नका. लाज वाटते हो.

*

आमच्या शाळेच्या ट्रस्टचे गुजराती शेठ. माणूस दिलदार, पण तिखटाला भारी भितात. पहिल्याच दिवशी रसोड्यात येऊन म्हणाले, "मासी, दाळमां गोळ नाखजो, मरचुं ओछुं!"

आता आमची पोरं सगळी जळगाव-धुळ्याकडची. घरी ठेच्याशिवाय घास उतरत नाही त्यांचा. पण शेठ म्हणतात तर घातला गूळ. पहिलीतल्या एका पोरानं वाटी तोंडाला लावली आणि विचारलं, "मावशी, हा चहा आहे का?"

व माय! मी पळी बुडवून बघितलं, तर रंगही तसाच!

*

त्याच शेठनी एकदा पाहुण्यांसमोर माझी भाजी चाखली. "बहु सरस! बहु सरस!" दोन घास झाले, आणि ताट हळूच ड्रायव्हरकडे सरकवलं. "ले, आ तुं पूरुं कर."

ड्रायव्हरनं हात जोडले. "शेठ, मारे गाडी चलाववानी छे!"

पाहुणे खो खो हसले. मी पदराआड तोंड करून भांडी उचलायला लागले.

*

तुम्हाला वाटेल, हिला रांधताच येत नाही. अगं, माझ्या हातचं भरीत खायला पार बमरोलीहून लोक यायचे! पण शाळेचं पातेलं एवढं मोठं, की हात तळापर्यंत पोचत नाही. तेल बेतानं, मिरची शेठच्या धाकानं. पण हे कोणाला सांगू? पोरांच्या ताटात कारणं वाढता येत नाहीत.

मागे जाऊबाईच्या धाकट्या लेकाचा साखरपुडा झाला. मी सकाळीच कंबर कसून गेले, वांगी भाजायला. जाऊबाई गोड हसून म्हणाली, "ताई, तुम्ही बसा. रोज राबता शाळेत, आज आराम करा." बघते तर मागच्या अंगणात आचारी!

बसले मग खुर्चीत पाहुणीसारखी. पंगत बसली आणि जाऊबाईचा नातू, आमच्याच शाळेत जातो तो, माझ्याकडे बोट करून ओरडला, "या आजीनं केलंय का? मग मी नंतर बसतो!"

जाऊबाईनं त्याला डोळे वटारले. कशाला वटारायचे? पोरगं खरंच बोललं होतं.

*

आता उपवासाचं ऐका.

आमच्याकडे नियम आहे. पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकानं त्यांच्यासमोर चाखायचं. चांगलं असेल तरच पुढे पंगत. नियम सोन्यासारखा. पण झालं असं, की ज्याची चाखायची पाळी, त्याचा त्या दिवशी उपवास!

बाविस्करबाईंचा सोमवार. पाटीलसरांचा गुरुवार, कारण गुरुवारी खिचडी. एकदा शेठनी मेनू फिरवला आणि खिचडी मंगळवारी गेली. लगेच सर मंगळवार धरायला लागले. दत्तगुरू गेले, गणपती आले! शुक्रवारी मात्र सुखडी असते, तूप-गुळाची. शुक्रवारी आमच्या शाळेत कोणी एकाही देवाचं काही देणं लागत नाही.

माझ्यामुळे शाळेत भक्ती वाढली बायांनो! आता यात पुण्य कोणाला आणि पाप कोणाला, ते मला कळत नाही.

*

शेवटचा सांगते. याच मंगळवारचा आहे.

आमच्या गल्लीतली पायल आहे ना, दुसरीतली? तिची आई उजाडायच्या आत पर्वत पाटियाच्या बाजारात साड्यांच्या घड्या घालायला जाते. पोरगी चहा-टोस्टवर शाळेत येते. दुपारी माझ्या हातचं मिळेल, तेच तिचं जेवण. म्हणून मी रोज तिच्या ताटाकडे बघते. तिनं खाल्लं की मला घास गोड लागतो.

त्या दिवशी खिचडी लागली. चांगलीच लागली! शेगडीची आच कमीच होईना. जळका वास जिना चढून वर्गापर्यंत गेला. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

चाखायची पाळी पाटीलसरांची. पातेल्याशी आले, वास घेतला, आणि पोरांसमोरच म्हणाले, "मावशी, आज आपला मंगळवार. वाढा तुम्ही."

मी वाढायला घेतलं, तर पहिल्या पोरानं ताटावर हात आडवा धरला. "आज माझा उपवास." दुसरा, "माझाही." तिसरी, "माझापण!" अख्खा दुसरीचा वर्ग उपाशी!

"अरे, कोणत्या देवाचा?" मी विचारलं.

"पाटीलसरांच्या देवाचा!"

सगळे हसले, सरही हसले. मी पळी घेऊन पुढे सरकले आणि पायलपाशी आले. तिनंही ताट झाकलेलं! पोट पाठीला लागलेलं, आणि ताटावर दोन्ही हात.

"तू तरी खा ग माय," मी म्हटलं.

ती सरांकडे बघून म्हणाली, "सर, तुमचा उपवास कधी सुटेल? मला भूक लागली."

सरांचं हसू थांबलं. मग चपला काढल्या, तिच्या शेजारी फरशीवर मांडी घातली आणि म्हणाले, "मावशी, ताट द्या. सुटला."

रोज वाटायचं, सरांनी खावं. आणि आज वाटलं, देवा, आजचं नको रे! पण वाढलं. सरांनी घास घेतला, चावला, गिळला. एकेक करत पोरांनी ताटावरचे हात काढले.

पायलनं मात्र आधी पातेल्यात डोकावून बघितलं. मग ताट पुढे केलं.

"मावशी, मला वरची वाढा. खरवड सरांना द्या."