चाकामागचा दगड

हिरामणच्या गाडीला लोक गाडीच म्हणत, पण हसू दाबून. नव्याण्णव सालची मारुती एटहंड्रेड. अंबरनाथच्या कारखान्यातल्या शरदचंद्र साहेबांनी नवी घेतली तेव्हा ही जुनी त्यांनी आपल्या फिटरला स्वस्तात देऊन टाकली होती. पुढे साहेब पुण्याला गेले, कारखान्याच्या जागी गोदाम आलं, हिरामण रिटायर झाला. गाडी मात्र चिखलोलीत त्याच्या दारासमोर उभी आहे. आजूबाजूला टॉवर उठलेत. तिथला वॉचमन दर महिन्याला विचारतो, "काका, भंगारात देणार का?" त्याला हिरामण जे उत्तर देतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सपाटीला गाडी झकास चालायची. गोची एकच होती, बायकोचं माहेर घाटावर. हिरामण मुरबाडकडचा, घाटाखालचा. वेणूबाई माळशेजच्या माथ्यावरची. गाडी दारात आली त्या दिवशी तो रुबाबात म्हणाला होता, "आता तुला या दारातून त्या दारात नेणार. मधे पाय जमिनीला लागायचा नाही." आणि पहिल्याच वैशाखात, जत्रेला जाताना, बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर गाडीने मान टाकली. वेणूबाई मुकाट्याने उतरली. रस्त्याकडेचा एक दगड उचलून तिने मागच्या चाकाला लावला, तेव्हा कुठे हिरामणचा जीव भांड्यात पडला. एक माणूस कमी झाल्यावर गाडी कण्हत-कुंथत चढली. मागून वेणूबाई दगड हातात घेऊन चालत होती. गाडी थांबली की लावायचा, सुटली की उचलायचा. बोगद्यापाशी हिरामण घाम पुसत उभा राहिला. बऱ्याच वेळाने ती आली तेव्हा पदरात करवंदं होती.

दगड डिकीत गेला तो तिथेच राहिला. दर वैशाखात तेच वळण, तोच दगड. वर पोचल्यावर मेहुणे हिंदुराव दारातच विचारायचे, "पाव्हणं, गाडीनं आलात का गाडीला घिऊन आलात?" सगळी आळी हसायची. वेणूबाईही हसायची, आणि हिरामणला तेच जास्त लागायचं.

मग तिचे गुडघे गेले. चार वर्षं जत्रा चुकली. एसटीच्या पायऱ्या चढणं तिला शक्य नव्हतं. राजूने, म्हणजे मुलाने, भाड्याची गाडी करून देतो म्हटलं तर ही ऐकायला तयार नाही. "जाईन तर आपल्या गाडीतनं. भाड्याच्या गाडीतनं पाव्हणे जात्यात." संध्याकाळी ओट्यावर बसून ती म्हणायची, "करवंदं पिकली असतील आता तिकडं." हिरामणला तो टोमणा वाटायचा आणि तो उगाच उठून गाडी पुसायला लागायचा.

यंदा हिंदुरावांचा फोन आला. ऐंशी उलटलेला माणूस. "वेणे, या जत्रंला ये. फुडल्या जत्रंचं मी सांगत न्हाई." फोन ठेवून वेणूबाई आत गेली आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली. तो आवाज ऐकत हिरामण गाडीची चावी घेऊन उठला. गाडी तिला बसवून, न थांबता घाट चढली पाहिजे. बस्स.

बदलापूर रोडवरच्या रघु मेकॅनिकने बॉनेट उघडून आधी हात जोडले. "काका, इंजिन खोललं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च आहे. नवीन बघा ना सरळ."

"इंजिनाला हात लावायचा नाही. पेन्शन माझी आहे, तुझी नाही. बाकी काय ते बोल."

पैसे कमी होते, पण हिरामणच्या हातात चाळीस वर्षांचं काम होतं. कार्बोरेटर त्याने घरी आणून ओट्यावर खोलला, जुन्या टूथब्रशने घासला. उल्हासनगर कॅम्प एकला मुकेशच्या दुकानात प्लग, वायरी आणि एअर फिल्टर शोधले. मुकेश हसून म्हणाला, "काका, इस गाडी का माल लेने अब आप अकेले आते हो. दुकान आपकी वजह से चल रहा है." घासाघीस झाल्यावर चहासुद्धा त्यानेच पाजला.

तरी गाडीत जान येईना. तेव्हा रघुने मागची बाजू जॅकवर घेतली आणि चाक हाताने फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात चाक थांबलं.

"काका! तुम्ही एवढी वर्षं ब्रेक लावून गाडी चालवताय. हँडब्रेकची केबल जाम आहे, ब्रेक सुटतच नाय पूर्ण."

हिरामणने स्वतः चाकाला हात लावून पाहिला. दुसऱ्यांच्या मशिनी दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. केबल ढिली केल्यावर चाक गरगर फिरत राहिलं, ते तो बघत राहिला.

"आता हँडब्रेक पकडणार नाय हा. नवीन केबल मागवू का? आठवडा लागेल."

"जत्रा परवा आहे. राहू दे. घाट चढायचाय, गाडी उभी कुठे करायचीय?"

मग वजन. पुढचं लोखंडी गार्ड काढलं, वरचं कॅरिअर काढलं, डिकीतली हत्यारं, जुन्या चटया सगळं काढलं. शेवटी तो दगड हाती आला, गुळगुळीत झालेला. एवढ्याशा दगडाने काय फरक पडणार होता? पण हिरामणला तो डोळ्यांसमोर नको होता. शेजारी टॉवरचा पाया खणला होता, तिथे त्याने तो भिरकावला. दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंट पडलं.

जत्रेच्या सकाळी दोघं निघाली. बारवीचा रस्ता, मुरबाड, टोकावडे. घाट लागला तसा हिरामणने गिअर बदलला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढत राहिली, एकदाही रखडली नाही. ते वळण समोर आलं तेव्हा त्याने हळूच बायकोकडे पाहिलं. आज शब्द पुरा होणार होता.

"थांबवा," वेणूबाई म्हणाली.

"अगं, चढतेय ना! थांबवू कशाला?"

"थांबवा म्हनते न्हवं."

त्याने ब्रेकवर पाय दाबला. दार धरून ती उतरली. वारा सुटला होता, कड्याच्या कडेला करवंदीची जाळी काळीभोर लागली होती.

"दगड?"

"काढून टाकला. वजन नको म्हणून."

ती उघड्या दाराला टेकली. "तुमी वर बोगद्यापाशी थांबायचा, तवा मी मुद्दाम हळू यायचे. ठावं हाय? वर्सातनं तेवढंच चालनं माझं असायचं. खाली सासर, वर भावजयीचं घर. मधी ह्यो रस्ता. आई गेल्यापास्नं माझं म्हायेर हितंच हुतं."

हिरामणचा पाय ब्रेकवरच होता. ती चार पावलं गेली. जाळी थोडी वर होती, मधे दगडगोट्यांचा चढ. तिने मागे वळून हात पुढे केला. एवढंच हवं होतं तिला, हाताला धरून कुणी दहा पावलं न्यावं. त्याने हँडब्रेक ओढला. दांडी सुळकन वर आली आणि गाडी मागे घसरली. त्याने पुन्हा ब्रेक दाबला. नुसत्या गिअरच्या भरवशावर त्या उतारावर गाडी सोडायची त्याच्यातल्या फिटरची छाती झाली नाही. वेणूबाईने रस्त्याकडेचा एक धोंडा उचलायला वाकून पाहिलं, पण गुडघे अर्ध्यावरच अडले. मागून ट्रक हॉर्न वाजवत आला.

ती जाळीकडे एकदा बघून रिकाम्या पदराने गाडीत येऊन बसली. "चला. दादा वाट बघत आसंल."

तिथून गाडी न थांबता दारापर्यंत गेली. हिंदुराव काठी टेकत पुढे आले, बहिणीच्या गालांवरून हात फिरवला आणि ओरडले, "पाव्हणं, आज खरंच गाडीनं आलात की!" सगळी आळी हसली. वेणूबाई डोळे पुसत आत गेली. लोक चहाला हाका मारत होते, पण हिरामण कुंपणाशी खाली बघत फिरत होता. परवा परत जाताना तेच वळण उताराला लागणार होतं, आणि तिथे गाडी उभी करायची होती. त्याला एक दगड पाहिजे होता, वेणूच्या हातात मावेल एवढा.