ब्रेक शेवटच्या ओळीत

जुन्या अमेरिकन मसल कारची, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाडीची, प्रतिकृती बांधायची, म्हणून मी लागणाऱ्या भागांची चाळीस ओळींची यादी केली. खर्चाची मर्यादा एकच, माझी मुदत ठेव. पनवेलमध्ये ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या आणि जुनी इंजिनं विकणाऱ्या काकांकडे इंजिनाची आगाऊ रक्कम द्यायला गेले. त्यांनी यादी खालून वाचली.

"ताई, ब्रेक शेवटी? आणि त्याच्यापुढे 'पैसे उरल्यास'?"

"आधी मोठं इंजिन घेऊ म्हटलं."

"पळवाल झकास. थांबवायला मी येऊ? आगाऊ नाय घेत. आधी यादी बदला."

तिथेच बाकावर बसून मी ब्रेक वर घेतले आणि इंजिन लहान केलं. थोडं वाईट वाटलं. पण हातात येणारे पैसे नाकारून काकांनी माझी ठेव वाचवली, बहुधा हाडंही. त्यांचे आभार मी तेव्हाच मानले.