कडी नसलेलं दार

फिट येण्याआधी संचिताला सुरंगीच्या फुलांचा वास यायचा. ठाण्यात, कोपरीतल्या तिसऱ्या मजल्यावर सुरंगी कुठली! पण यायचा. मग खिडकी पिवळी व्हायची, भिंती लांब लांब जायच्या आणि ती अलगद तरंगत निघायची. शुद्धीवर येई तेव्हा जीभ चावलेली आणि भोवती नुसते चेहरे.

मागची फिट न्हाणीघरात आली. त्याच दिवशी नवऱ्याने, सुदेशने, दाराची आतली कडी काढून टाकली. तेव्हापासून ती आंघोळीला गेली की सासूबाई, कलावती, बाहेर स्टूल टाकून मालवणकडच्या ओव्या म्हणत बसायच्या. चुकून कुणी दार ढकलू नये म्हणून.

गावच्या गुरवाने अंगात वारं शिरलं म्हटलं, नारळ ठेवून झाले. ठाण्याच्या डॉक्टरांनी अपस्मार म्हटलं, गोळ्या दिल्या. तीन महिने फिट नाही. घर खूश. संचिताला मात्र आतला दिवाच कुणी मालवल्यासारखं वाटे. चहाला चव नाही, उठायला जीव नाही. ‘तुला कसं वाटतं?’ असं कुणी विचारलंच नव्हतं. रोज ओवी सुरू झाली की ती नळ सोडायची आणि रडून घ्यायची.

सोसायटीचं पाणी नऊला जातं. त्या दिवशी तिला उशीर झाला. नळ कधी कोरडा झाला, तिला कळलंच नाही. बाहेरची ओवी मध्येच तुटली.

“पाणी गेलं गो.”

“हो का, आई?”

“कधीपासून?”

“आत्ताच गेलं असेल.”

“पाण्याचं नाही विचारत मी.”

संचिताने कोरडा नळ बंद केला. सासूबाईंनी दार ढकललं नाही.

गुरुवारी दवाखान्यात डॉक्टरांनी नेहमीसारखं कलावतींनाच विचारलं, “काय आजी, सूनबाई कशी आहे?” ‘एकदम बरी’ हे ठरलेलं उत्तर आलंच नाही.

“तिला विचारा. मी दाराबाहेर बसते,” म्हणून त्या उठल्या.

 संचिता बोटांकडे बघत बोलू लागली. थांबत, अडखळत, पण सगळं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मीच आधी विचारायला हवं होतं. या आजारात अशी उदासी पुष्कळांना येते. त्यावरही उपचार आहेत. बोला तुम्ही, घाई नाही.”

तेवढ्यात बाहेर ओवी सुरू झाली.

“ओ आजी, दवाखाना आहे हा! गाताय काय?” कंपाउंडर करवादला.

“आत माझी सून आहे,” कलावती म्हणाल्या आणि त्यांनी आवाज आणखी चढवला.