बाच्या दोन सह्या

मित्रांनो, वकील शोधत जव्हारला आलो होतो, पण कुणी भेटलं नाही. सायबर कॅफेतून घाईत लिहितोय.

सूर्यमाळजवळच्या पाड्यावर आमचं घर आहे, बाच्या नावावर. पावसाळ्याआधी छप्पर बदलायचं म्हणून ठेकेदाराने आज सकाळी करारनामा आणला. मी पडलो शिक्षक, ओळ न् ओळ वाचायला बसलो. तिसऱ्या पानावर थबकलो. 'काम पूर्ण होईपर्यंत घराचा ताबा ठेकेदाराकडे राहील.' आणि काम कधी पूर्ण होणार, ते कुठेच लिहिलेलं नाही!

मी म्हटलं, "हे आधी खोडा, नाहीतर बाला सही करू देणार नाही."

तो चिडला नाही, हसला. "गुरुजी, निवांत वाचा. तुमच्या वडिलांनी कालच दोन कोऱ्या कागदांवर सह्या दिल्यात मला." आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

बाला विचारलं, तर तो खुशीत. "त्याने मांगितल्या, मी करून दिल्या. अंगठा नाही लावला!"

साक्षरता वर्गात मीच त्याला सही शिकवली होती. तेव्हापासून कुणीही कागद पुढे केला की तो एकेक अक्षर जुळवत नाव लिहितो आणि शाबासकीसाठी मान वर करून बघतो.

त्या कागदांवर आता काय लिहिलं जात असेल? काही उपाय माहीत असेल तर कृपा करून सांगा.

त्या सह्यांनी काय होऊ शकतं, ते बाला मी अजून सांगितलेलं नाही. निघताना त्याने एवढंच विचारलं, "सही बराबर आली असेल ना रे?"